खोडातून राळ पाझरते ते झाडाचं औषध आहे, खरवडू नका

ताई, म्हापशाच्या घरासमोरच्या ‘ख्रिसमस ट्री’च्या खोडातून चिकट पाझर येतोय, तो खरवडून भोकं सिमेंटने बुजवू का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून दोन्ही करू नका. तुमचं झाड बहुधा अरॉकेरिया असणार. मिरामारच्या किनाऱ्यावरचा सुरू नुसता पाईनसारखा दिसतो, पण अरॉकेरिया हा खरा सूचिपर्णी. पाझरतेय ती त्याची राळ.

पाईनवर हे फार नीट अभ्यासलं गेलंय. त्याच्या सालीत आणि लाकडात राळेच्या नळ्या असतात आणि राळ तिथे दाबाखाली भरलेली असते. भुंगेऱ्याने साल पोखरली की ती भसकन बाहेर येते आणि किडा ढकलला जातो, नाहीतर तिथेच चिकटून मरतो. राळेतलं टर्पेंटाइन, म्हणजे पायनीन, लिमोनीन वगैरे, किड्याला आणि त्याने सोबत आणलेल्या बुरशीला विषारी असतं. ते हवेत उडून जातं आणि मागे राहिलेली घट्ट राळ जखमेवर खपली धरते. तुम्ही खरवडणार ती हीच खपली.

हे झालं आधीपासून भरून ठेवलेल्या राळेचं. हल्ला झाल्यावर झाड नवंही काही करतं, आणि मला खरं अप्रूप त्याचं वाटतं. जखमेची वर्दी जॅस्मोनेट नावाच्या संप्रेरकामार्फत पसरते, आणि पुढच्या काही आठवड्यांत नव्या लाकडात राळेच्या जादा नळ्या तयार होतात. देवदाराच्या लाकडात एरवी या नळ्या नसतातच, इजा झाली की मात्र ओळीने उमटतात. युरोपातल्या स्कॉट्स पाईनच्या सुयांवर सॉफ्लाय नावाचा, गांधीलमाशीच्या गणातला एक कीटक अंडी घालतो. नुसती अंडी घातली तरी झाडाचा वास बदलतो, आणि त्या वासावर एक बारीक गांधीलमाशी येऊन ती अंडी नासवते. अळी बाहेर पडायच्या आधीच!

पण झाड दर वेळी जिंकत नाही. उत्तर अमेरिकेतला माउंटन पाईन बीटल राळेतल्या पायनीनपासूनच व्हर्बेनॉल बनवतो, आणि त्या गंधाने आपल्या जातभाईंना बोलावतो. शेकडोंनी एकदम भोकं पाडली की राळ कमी पडते. दुष्काळात तर लवकरच, कारण झाडात पाणी नसेल तर राळेचा दाब येणार कुठून?

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न पाण्याचा. बुंध्याला चिकटून पेव्हर बसवलेत का? असतील तर निदान दोन हात गोल मोकळा करा आणि एप्रिल-मेमध्ये मुळांना सावकाश, खोलवर पाणी द्या. बुंध्याला गवतकापणीचं यंत्र लागतं का, कुणी दिव्यांच्या माळेसाठी खिळे ठोकले होते का, हेही बघा. नुसत्या जखमेनेही राळ येते.

काजूच्या भाटात आम्ही भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, ओळखतो ते बुंध्याशी आलेल्या डिंकावरून आणि भुशावरून. काजूचा डिंक ही राळ नव्हे, त्याचं रसायन अगदी वेगळं, पण पारख तीच लावा. पाझर स्वच्छ, काचेसारखा असेल तर झाडाला त्याचं काम करू द्या. त्यात तपकिरी भुसा कालवलेला असेल तर तो बोटाने चुरून बघा, लाकडाचे तंतू लागतात का. बुंध्याशी पडलेला भुसा आज झाडून घ्या आणि उद्या सकाळी परत बघा. नवा पडला असेल तर अळी आत जिवंत आहे, मग भोकाचा जवळून फोटो टाका.