पलंगाखालची शेवंती : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. मी निवृत्त शिक्षिका आहे, यजमान सत्तरीचे आहेत आणि आठ वर्षांचा नातू सध्या आमच्याकडेच शाळेला जातो. बारा दिवसांपूर्वी आम्ही साधारण दोन वर्षांची एक गावठी कुत्री घरी आणली. माधवनगर रस्त्यालगत गाडीची धडक बसून ती पडली होती. काही प्राणिप्रेमी मुलांनी उपचार करून तिला महिनाभर सांभाळले आणि मग ती आमच्या स्वाधीन केली. नातवाने तिचे नाव शेवंती ठेवले आहे. पाय आता बरा आहे, परंतु आल्या दिवशी ती पलंगाखाली जी शिरली, ती तिथेच आहे. रात्री आम्ही झोपलो की ताटली चाटूनपुसून ठेवते, दिवसा मात्र पाण्यालाही तोंड लावत नाही. मी हाक मारली तर शेपटीचे टोक हलते, पण यजमान खोलीत आले की ती जागच्या जागी लघवी करते. ते तिला आजवर एक शब्दही रागाने बोललेले नाहीत, त्यामुळे त्यांना याचे फार वाईट वाटते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते काठी टेकत सावकाश चालतात, तेव्हा तिच्या अंगावर धावून जाण्याचाही प्रश्न नाही. काल नातवाने तिला बाहेर काढण्यासाठी पलंगाखाली हात घातला, तर ती गुरगुरली. शेजारी म्हणतात, गच्चीवर बांधून ठेवा, चार दिवसांत सरळ होईल. आमचीच माया कमी पडते आहे का?
(एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : माया कमी पडत नाही, असलीच तर ती सध्या शेवंतीला थोडी जास्त होते आहे. आपल्या पत्रातील एक शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला आणि तो आपण सहज लिहून गेला आहात : काठी. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला काठी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. हॉटेलच्या मागच्या दारी, भाजी मंडईत, शाळेच्या फाटकापाशी त्याने ती पाहिलेली असते, बहुधा अंगावरही घेतलेली असते. आपले यजमान किती शांत स्वभावाचे आहेत, हे शेवंतीला पलंगाखालून दिसणार कसे? तिला दिसतात ती दोन पावले आणि त्यांच्यासोबत फरशीवर टक टक करीत येणारे काठीचे टोक. लघवी होते ती त्या भीतीने. त्यात खोडसाळपणा नाही आणि यजमानांविषयीचा रागही नाही. तेव्हा त्यावरून तिला रागावू नये आणि तिच्यासमोर लगबगीने पुसायलाही बसू नये. ती झोपल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्यावे. उग्र फिनाईल टाळावे, कारण कुत्री फरशी चाटतात.

काठी टाकून देणे यजमानांना शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. खोलीत शिरण्याआधी त्यांनी दारातूनच हलक्या आवाजात तिचे नाव घ्यावे, म्हणजे टकटक अचानक येणार नाही. आत आल्यावर पलंगापासून जितके दूर बसता येईल तितके दूर, खुर्चीवर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून बसावे आणि काठी जमिनीवर आडवी ठेवावी. मग वर्तमानपत्र वाचावे. तिच्याकडे पाहू नये, हाकही मारू नये. उठून जाताना उकडलेल्या, बिनहाडाच्या कोंबडीचा एक तुकडा खुर्चीच्या पायाशी ठेवावा आणि मागे वळून न पाहता निघून जावे. पहिले काही दिवस तो तुकडा ती रात्रीच उचलेल. पुढे यजमान खोलीबाहेर पडताच उचलेल, आणि मग एक दिवस ते खोलीत असतानाच उचलेल. त्या दिवशी आनंदाने 'शाब्बास' म्हणून हात पुढे करण्याचा मोह होईल, तो मात्र आवरावा. ज्या काठीच्या आवाजाने आज तिचा जीव घाबरा होतो, त्याच आवाजापाठोपाठ काही आठवडे नेमाने खाऊ येत राहिला, तर त्या आवाजाचा अर्थ तिच्या मनात पालटतो. गेल्या शतकाच्या आरंभी रशियात पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले, त्यांचेच हे घरगुती रूप आहे.

पलंगाखालची जागा ही तिची खोली आहे असे समजावे. तिथे एक जुनी गोधडी सरकवून द्यावी, पाण्याचे भांडे तोंडाशी ठेवावे आणि केर काढताना तेवढा भाग काही दिवस वगळावा. केरसुणीचा दांडा आणि काठी यांत तिला फारसा फरक वाटत नसावा. ताटली मात्र रोज वीतभर पलंगापासून दूर सरकवत न्यावी. एखाद्या दिवशी तिने खाल्ले नाही, तर आपण घाई केली असे समजून दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा पहिल्या जागी आणावी. अंतर किती ठेवायचे हे तिने ठरवायचे आणि आपण ते पाळायचे. बाकी मी जे काही सांगते आहे, ते याच एका गोष्टीचे तपशील आहेत.

गच्चीवर बांधण्याचा सल्ला कृपया मनावर घेऊ नये. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही आणि लपता येत नाही. मग ते एक तर चावते, नाही तर सर्व आशा सोडून गप्प पडून राहते, आणि या दुसऱ्या अवस्थेलाच लोक 'सरळ झाले' म्हणतात. सांगलीच्या उन्हात किंवा पावसात गच्चीचे जे हाल होतात, ते वेगळेच.

आता नातवाविषयी. गुरगुरणे हा अपराध नव्हे. चावण्याआधी दिलेली ती इशारत आहे, आणि शेवंतीने ती दिली याबद्दल आपण तिचे आभारच मानायला हवेत. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे पुढच्या वेळी न गुरगुरता चावते. खरे तर गुरगुरण्याच्याही आधी ती पुष्कळ काही सांगत असते : तोंडात खाऊ नसताना ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभई देते, मान वळवून घेते पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहते, तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. नातवाला हीच कामगिरी द्यावी. एका वहीत त्याने दिवसभरात शेवंतीने किती वेळा ओठ चाटले आणि त्या वेळी घरात काय चालले होते, ते लिहावे. आठ वर्षांच्या मुलाला हात मागे घेण्यासाठी निमित्त लागते, आणि कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची घंटा यांपैकी तिला नेमके काय सोसत नाही ते त्या वहीतून आपल्यालाही कळेल. मात्र पलंगाखाली हात घालायचा नाही आणि मोठे माणूस खोलीत नसताना तिच्याजवळ जायचे नाही, हे नियम त्याला ठामपणे सांगावेत.

आणखी एक गोष्ट त्याला सांगावी लागेल. घरात भडंग असणारच, आणि मुलाचा हात कधी ना कधी ते कुत्रीपुढे टाकणार. भडंगात लसूण असतो. लसूण आणि कांदा यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. त्याहून मोठी धास्ती बेदाण्यांची. तासगावच्या इतक्या जवळ राहून ज्या घरात बेदाण्यांचा डबा नाही असे घर मी पाहिलेले नाही, पण द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले तर चालते असे कोणतेही सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. खाल्लेले दिसताच लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. भाकरी चालेल, मऊ भात, उकडलेले अंडे चालेल. दूध मोठ्या कुत्र्यांना बहुधा पचत नाही, आणि आधीच घाबरलेल्या कुत्रीला जुलाबही लागले तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

ती रात्री नीट खाते आहे, म्हणून मला फारशी काळजी वाटत नाही. सलग दोन दिवस अन्न बंद झाले, किंवा दिवसरात्र मिळून पाण्याचे भांडे जसेच्या तसे राहिले, तर मात्र ती केवळ भीती समजू नये. अपघातातला पाय वरून बरा दिसत असला तरी दुखत असू शकतो, आणि दुखणारे जनावर नेहमीच अधिक भित्रे असते. शिवाय गोचिडांमुळे येणाऱ्या तापातही जनावर असेच कोपऱ्यात पडून राहते. पहिल्या तपासणीसाठी डॉक्टरांनाच घरी बोलावता आले तर उत्तम. त्या वेळी जंताचे औषध, रेबीजची लस आणि एकत्रित लसीची चौकशी करावी. त्या एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिसचा समावेश आहे ना, हेही विचारावे. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग साचलेल्या पाण्यातून लागतो, आणि कृष्णेचे पाणी गल्लीत येणे म्हणजे काय, हे 2005 आणि 2019 पाहिलेल्या सांगलीकरांना मी काय सांगावे!

किती दिवस लागतील, हे आपण विचारलेले नाही, पण मनात असेलच. आमच्या व्यवसायात एक ढोबळ ठोकताळा वापरतात : पहिले तीन दिवस जनावर नुसते बावरलेले असते, तीन आठवड्यांत त्याला घराचा दिनक्रम कळतो आणि तीन महिन्यांत घर आपलेसे वाटू लागते. हा कायदा नव्हे. भित्र्या कुत्र्यांना याच्या दुप्पट काळ लागलेला मी पाहिला आहे. माझ्या स्वतःच्या घरी आणलेल्या अशाच एका कुत्र्याला मी, डॉक्टर असूनही, चौथ्या दिवशी अंगाला वास येतो म्हणून धरून आंघोळ घातली. तोवर तो माझ्या हातून खाऊ लागला होता. त्यानंतर तीन आठवडे त्याने माझ्या हातून खाल्ले नाही. तेव्हा शेवंतीच्या अंगाला वास येत असला तरी राहू द्यावा.

प्रश्न : आमच्या घरी आश्रयाला आणलेल्या कुत्र्याला पोरांनी कपाटामागून ओढून काढले, तेव्हा तो माझ्या पुतण्याच्या मनगटाला चावला. थोडे रक्त आले. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे. घरच्यांनी हळद भरून पट्टी बांधली आहे. एवढे पुरे आहे ना?
(एक वाचक, तासगाव)

उत्तर : पुरे नाही. हे उत्तर छापून येण्याआधीच मी आपल्याला तसे कळवले आहे. येथे ते इतर वाचकांसाठी देत आहे. चावलेली जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने सतत पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये आणि जखम घट्ट बांधू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. रक्त आले असेल तर लसीबरोबरच जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. लस दंडावर स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, त्वचेत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यावयाची असते, आणि बरे वाटते म्हणून मधला डोस चुकवायचा नसतो. कुत्र्याच्या लसीचा कागद सोबत न्यावा, पण उपचाराचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. कुत्र्याला पुढील दहा दिवस नजरेखाली ठेवावे. राहिला प्रश्न कुत्र्याच्या स्वभावाचा, तर ओढून काढल्यावर चावला यात मला त्याचा दोष दिसत नाही. कपाटामागची ती जागा त्याला परत द्यावी आणि वर शेवंतीसाठी लिहिले आहे ते पोरांना वाचून दाखवावे.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी आणलेला आमचा मोती आता घरात छान रुळला आहे, पण मोठा आवाज झाला की वेडापिसा होतो. लग्नाच्या वरातीत त्याने पट्ट्यातून मान काढून पळ काढला आणि दुसऱ्या दिवशी सापडला. आमचे घर मिरजेत विसर्जन मिरवणुकीच्या मार्गाला लागून आहे. अनंत चतुर्दशीला दीड महिना उरला आहे. झोपेची गोळी द्यावी का?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : दीड महिना हातात ठेवून विचारलेत, हे फार चांगले केलेत, बहुतेक जण आदल्या दिवशी विचारतात. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45,000 हर्ट्झच्या आसपासपर्यंत. शिवाय जो ठोका आपल्या छातीत जाणवतो, तो जमिनीवर पोट टेकून बसलेल्या जनावराला सर्वांगाने जाणवतो.

आजपासून ढोलताशाचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर इतक्या हळू लावावे की मोतीचे कान हलतील पण तो उठणार नाही, आणि ते चालू असतानाच त्याला जेवण द्यावे. आवाज दर तीन-चार दिवसांनी किंचित वाढवावा. तो जेवण सोडून उठला तर एक पायरी खाली यावे. प्रत्यक्ष मिरवणुकीच्या आवाजापर्यंत आपण दीड महिन्यात पोहोचणार नाही, परंतु दुरून येणारा ठोका त्याला सोसू लागला तरी पुष्कळ झाले.

मनाने गोळी देऊ नये. गुंगी आणणारी काही औषधे अशी आहेत की त्यांनी शरीर लुळे पडते, भीती मात्र आत तशीच राहते. भीती कमी करणारी वेगळी औषधे आहेत, ती डॉक्टरांनी वजन पाहून द्यावयाची असतात आणि त्यांची एक चाचणी मिरवणुकीच्या पुष्कळ आधी, शांत दिवशी घ्यावी लागते. आपले एखादे नातेवाईक मिरवणुकीच्या मार्गापासून दूर राहत असतील, तर त्या रात्रीपुरते मोतीला तिथे नेणे हा मला सर्वांत चांगला उपाय वाटतो. मात्र ते घर त्याला ओळखीचे व्हावे म्हणून त्याआधी दोन-तीनदा नेऊन आणावे. ते जमत नसेल तर घरातील सर्वांत आतली खोली निवडावी, खिडक्यांना जाड चादरी लावाव्यात, पंखा मोठा करावा आणि एका माणसाने आरास पाहण्याचा मोह सोडून त्याच्याजवळ बसावे. तो बिलगला तर जवळ घ्यावे. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज चुकीचा आहे.

मान काढून घेता येते असा गळपट्टा आता बदलावा. छातीभोवती बसणारा पट्टा आणि गळपट्टा दोन्ही घालून दोन्हींना दोर जोडावा, आणि गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. मिरवणुकीच्या दिवशी त्याला पहाटेच फिरवून आणावे. दुसऱ्या दिवशी रस्ता शांत दिसला तरी दोन्ही पट्टे काढू नयेत, कारण मिरजेची शेवटची मूर्ती पाण्यात उतरेपर्यंत दुसरा दिवस बराच वर आलेला असतो आणि कोणत्या गल्लीत फटाक्यांची उरलेली माळ लागेल, ते सांगता येत नाही.