लग्न झालं की मुलीचं चेस संपतं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी दहावीत, आठव्या वर्षापासून चेस खेळतेय, फिडेचं, म्हणजे जागतिक चेस संघटनेचं, रेटिंग 1874, मागच्या तीन टुर्नामेंटमध्ये मिळून 90 पॉइंट गेलेत आणि त्यावरून घरात टेन्शन आहे. बाबांना वाटतं तिने सायन्स घेऊन जेईई द्यावी. एका अ‍ॅकॅडमीवाल्यांनी सांगितलंय की दहावी झाली की दोन वर्षं कॉलेज बाजूला ठेवा, आमच्याकडे राहायला पाठवा, जीएम म्हणजे ग्रँडमास्टर करून देतो. आणि मोठ्या जाऊबाई म्हणाल्या की मुलीचं चेस लग्नापर्यंतच, पुढे कोण खेळतंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, मॅडम खरं सांगा, मुलीचं हे करिअर असून असून किती वर्षांचं?

ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एकदा क्लिअर झालं की सायन्स का कॉमर्स वगैरे बरंच सोपं होतं.

कोनेरू हंपीचं करिअर जरा वर्षं लावून बघा. जन्म 1987 चा, आंध्रातल्या गुडिवाड्याचा. वडील अशोक स्वतः चेस खेळणारे, तेच तिचे कोच. दहाव्या वर्षी वर्ल्ड यूथमध्ये मुलींच्या अंडर टेनचं गोल्ड, मग अंडर ट्वेल्व्ह, अंडर फोर्टीन, 2001 ला वर्ल्ड ज्युनिअर आणि 2002 मध्ये पंधरा पूर्ण होऊन दोन महिने व्हायच्या आत ग्रँडमास्टर, तेही सगळ्यात लहान वयात जीएम झालेली मुलगी हा हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारचा रेकॉर्ड मोडून. 2007 मध्ये रेटिंग 2600 च्या वर, बायकांमध्ये तिच्याआधी हे फक्त पोल्गारला जमलं होतं. 2011 ला तिरानाला चीनच्या होऊ यिफानशी वर्ल्ड चॅम्पियनशिपची मॅच खेळली, हरली. इथपर्यंतची हंपी सगळ्यांना माहितीये आणि अ‍ॅकॅडमीवाले दाखवतात तीही हीच, लहानपणी जीएम झालेली. पण तुमच्या कामाची हंपी ह्याच्या पुढची आहे.

2014 मध्ये तिचं लग्न झालं. 2016 नंतर खेळणं थांबलं, 2017 मध्ये मुलगी झाली. 2018 च्या बटुमी ऑलिंपियाडला, म्हणजे देशादेशांच्या टीमच्या स्पर्धेला, ती परत पटावर बसली, साधारण दोन वर्षांचा गॅप पडला होता. आणि मग 2019 च्या डिसेंबरात मॉस्कोला वर्ल्ड रॅपिड. ही टुर्नामेंट कशी असते ते सांगते म्हणजे अंदाज येईल, प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद, दिवसाला चार चार गेम, डोकं अक्षरशः बधिर होतं. सगळे राउंड संपल्यावर ती चीनच्या लेई टिंगजीसोबत टायमध्ये आली, टायब्रेकचा पहिला ब्लिट्झ, म्हणजे आणखी झटपट, गेम हरली, दुसरा जिंकली, आणि शेवटच्या आर्मागेडनमध्ये काळी मोहरी घेऊन ड्रॉ काढला. आर्मागेडनमध्ये काळ्याला ड्रॉ पुरतो, म्हणून वर्ल्ड चॅम्पियन. घरी दोन वर्षांची मुलगी होती तेव्हा. पुढे 2024 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला हेच टायटल परत जिंकली, वय 37, पहिलाच राउंड हरून सुरुवात केली होती आणि तरी 11 पैकी 8.5 पॉइंट काढले.

आणि 2025 चा बटुमीचा वर्ल्ड कप तर तुम्ही पाहिला असेलच, कारण आपल्या नागपूरची दिव्या देशमुख तिथे जिंकली. फायनलचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाचे, गेम ड्रॉ, पहिला रॅपिड ड्रॉ आणि दुसऱ्यात घड्याळ कमी असताना हंपीकडून सुटला. आपण सगळे दिव्यासाठी नाचलो, नाचायलाच हवं होतं, पण समोर कोण बसलं होतं ते बघा ना, दिव्याचा जन्म 2005 चा आणि हंपी 2002 मध्येच जीएम. म्हणजे दिव्या जन्माला यायच्या आधी जी जीएम झाली होती ती दिव्याशी फायनल खेळत होती. जाऊबाईंना हे एवढंच सांगितलं तरी चालेल.

हंपी एकटीच अपवाद आहे असंही नाही. स्वीडनची पिया क्राम्लिंग 1992 मध्ये जीएम झाली, आणि 2022 च्या चेन्नई ऑलिंपियाडला महिलांच्या पहिल्या बोर्डाचं वैयक्तिक गोल्ड तिने घेतलं, वय 59. त्याच ऑलिंपियाडला आपली हरिका द्रोणवल्ली नवव्या महिन्यात पोट घेऊन खेळली आणि भारताच्या महिलांना ब्राँझ मिळालं. जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली तर 1962 मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, 1978 मध्ये जीएम टायटल मिळवणारी पहिली बाई ठरल्या आणि सत्तरी ओलांडल्यावरही सिनिअर गटाची वर्ल्ड टायटलं जिंकत राहिल्या. तर असून असून किती वर्षांचं, ह्याचं उत्तर तिने ठरवलं तर चाळीस पन्नास वर्षांचं, फक्त ते सलग नसतं. त्यात गॅप पडणार हे धरूनच प्लॅनिंग करायचं, आणि हे पालकांना कोणी सांगतच नाही.

चेसमध्ये गॅपचं एक बरं असतं. तुम्ही रेटेड गेम खेळला नाहीत तर वर्षभराने फिडे तुमच्या नावापुढे इनअ‍ॅक्टिव्ह लावतं, पण रेटिंग जिथल्या तिथे राहतं, एक पॉइंटही कापत नाहीत. टायटल तर आयुष्यभराचं. बाळंतपणानंतर पळण्याचा वेग परत आणणं आणि पटावर परत बसणं ह्यात खूप फरक आहे. आता ह्याचा अर्थ सगळं तसंच राहतं असा नाही हं, ओपनिंगची तयारी जुनी होते, कॅलक्युलेशनला डोकं लवकर थकतं, घड्याळाची सवय जाते, पहिलं वर्षभर मार बसतो. पण परत यायचा दरवाजा उघडा असतो.

मग जाऊबाई म्हणतात तसं इतक्या मुली का सोडतात? कारण त्यांचं म्हणणं अगदी हवेतलं नाहीये, अंडर फोर्टीनला हॉलमध्ये जेवढ्या मुली दिसतात त्यातल्या विशीत किती दिसतात ते तुम्हीही बघितलं असेल. माझं निरीक्षण असं, की गॅप सगळ्यांना पडतो, कोणाला डिग्रीचा, कोणाला आजारपणाचा, कोणाला बाळाचा. परत येतात त्या मुलींकडे गॅपच्या आधी तीन गोष्टी असतात, एखादं टायटल किंवा बरं रेटिंग, स्वतःचा पगार, आणि घरातलं निदान एक माणूस जे म्हणतं जा तू, मी बघते इकडे. तिसरी गोष्ट मी तिच्या सासरकडून आणून देऊ शकत नाही, पण सवय तुमच्या घरात लागते. आज टुर्नामेंटला जाताना तिची बॅग कोण भरतं, तिकीट कोण काढतं, हॉटेलवर कोण राहतं? सगळं तुम्हीच करत असाल तर तुमची रजा संपली की तिचं चेस संपलं. सोळाव्या वर्षापासून तिला मैत्रिणींबरोबर जाऊ द्या, तिकीट, एंट्री फी, जेवण सगळं तिचं तिने बघू दे, आणि कधीतरी बाबांनाही पाठवा.

पगाराचं सविस्तर सांगते, कारण बाबांची भीती तीच आहे आणि ती रास्त आहे. चेसमधला पैसा फार वरखाली असतो. बटुमीच्या त्या वर्ल्ड कपला विजेतीला 50 हजार डॉलर आणि रनरअपला 35 हजार होते, पण तिथपर्यंत पोचणाऱ्या दोघी. पहिल्या एकदोन राउंडला बाहेर पडणाऱ्यांचा हिशोब कोचिंग धरला तर तोट्यातच जातो. म्हणून आपल्याकडच्या चांगल्या खेळाडू वर्षानुवर्षं नोकरीच्या आधाराने खेळल्यात. हंपी स्वतः ओएनजीसीत आहे. आपल्या भाग्यश्री ठिपसे पाच वेळा नॅशनल चॅम्पियन झाल्या, त्या आयडीबीआय बँकेत होत्या. पेट्रोलियम कंपन्या, एलआयसी, रेल्वे, एअरपोर्ट्स अथॉरिटी इथे खेळाडूंची भरती झालेली आहे आणि महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण ह्या बहुतेक ठिकाणी निदान बारावी, पुष्कळदा ग्रॅज्युएशन लागतं, आणि सर्टिफिकेट लागतं ते मान्यताप्राप्त स्पर्धेचं, कुठल्याही कपचं नाही. आत्तापासून स्टेट आणि नॅशनलची सगळी सर्टिफिकेटं एका फाईलला लावा, दहावीच्या क्रीडा गुणांसाठीही शाळेत विचारा, त्याचा फॉर्म वेळेत जावा लागतो.

खेळण्याशिवायही ह्यात काम आहे. आर्बिटरची, म्हणजे चेसच्या पंचाची, परीक्षा असते, फिडेची ट्रेनर टायटलं आहेत, लहान मुलांना शिकवणाऱ्या मुली कॉलेजात असतानाच स्वतःच्या टुर्नामेंटचा खर्च काढतात. मी ह्याला दुय्यम अजिबात मानत नाही, उलट गॅपच्या वर्षांमध्ये पटाशी संबंध टिकतो तो शिकवण्यामुळेच.

आता जीएमबद्दल स्पष्ट बोलते. जीएमला 2500 रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात, नॉर्म म्हणजे एखाद्या टुर्नामेंटमध्ये 2600 च्या तोडीचा खेळ. भारतात आजवर जीएम झालेल्या मुली किती, तर हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या. चार. सगळ्या जगात मिळून चाळीसच्या थोड्या वर. दिव्या तर एकही नॉर्म नसताना वर्ल्ड कप जिंकून थेट जीएम झाली, इतका हा रस्ता बेभरवशाचा. दहावीतल्या 1874 वाल्या मुलीला दोन वर्षांत जीएम करतो असं जो म्हणतो तो तुम्हाला विकतोय काहीतरी. तिचे टप्पे वेगळे धरा, 2000, मग डब्ल्यूएफएम म्हणजे वुमन फिडे मास्टरसाठी 2100, डब्ल्यूआयएम म्हणजे वुमन इंटरनॅशनल मास्टरसाठी 2200, पुढचं पुढे. ह्यातलं प्रत्येक टायटल नोकरीच्या अर्जावर खरंखुरं वजन धरतं. जीएमचं स्वप्न तिने जरूर बघावं, घराने मात्र त्यावर कर्ज काढू नये.

आणि ते 90 पॉइंट. अठराच्या आतल्या आणि 2300 खालच्या मुलांना के फॅक्टर, एका गेमने रेटिंग किती हलतं त्याचं माप, 40 लागतो, म्हणजे आपल्याच रेटिंगच्या खेळाडूशी एक गेम हरलं की 20 पॉइंट जातात आणि जिंकलं की 20 येतात. म्हणजे चारपाच गेम इकडचे तिकडे, बस. मोठ्या माणसाला के फॅक्टर निम्मा लागतो, त्याचे हेच 45 गेले असते. त्यातून दहावीचं वर्ष, क्लासहून थेट राउंडला. रेटिंगची लिस्ट महिन्याच्या एक तारखेला उघडून बसणं घरातल्यांनी थोडे दिवस बंद करा, प्लीज.

त्यापेक्षा एक गोष्ट बघा. हरल्यावर ती हॉलमधून बाहेर येते तेव्हा स्कोअरशीट कुठे असते? चुरगळून खिशात, का हातात उघडी? समोरच्या मुलीबरोबर बाहेरच्या बाकावर बसून तिथे घोडा खाल्ला असता तर काय झालं असतं असं बोलतात का दोघी, का ती सरळ तुमच्याकडे येऊन चल म्हणते? रडली तरी हरकत नाही, चांगले चांगले रडतात. पण रात्री जेवल्यावर स्वतःहून तो गेम परत लावत असेल, इंजिन चालू करायच्या आधी स्वतः चूक शोधत असेल, तर ती मुलगी वीस वर्षं खेळेल. तुमच्या पत्रात तुम्ही, बाबा, जाऊबाई, अ‍ॅकॅडमीवाले सगळ्यांचं म्हणणं आलं, तिचं एकही वाक्य आलं नाही. तिला विचारा, आणि विचारताना बाबांनी शेजारी बसून नुसतं ऐकावं.

अकरावीबद्दल माझं मत, तिला फिजिक्स मॅथ्स खरंच आवडत असेल तर सायन्स घ्या पण जेईईचा इंटिग्रेटेड क्लास लावू नका, दोन्ही एकावेळी झेपत नाही आणि मुलगी दोन्हीकडे अपराधी होते. तसं काही आवडत नसेल तर कॉमर्स किंवा आर्ट्स, असं कॉलेज बघून जिथे स्पोर्ट्सचे सर खेळाडूंची हजेरी सांभाळून घेतात. प्रवेशाआधी त्यांना प्रत्यक्ष भेटा, वर्षात साधारण किती दिवस बाहेर असेल ते सांगा, आणि त्यांनी हो म्हटलं तर ते लेखी घ्या. हंपीच्या वडिलांनी नोकरी सोडून मुलीला शिकवलं, पण म्हणून तुम्हीही नोकरी सोडावी का हा विचार डोक्यातून काढून टाका. तुमचा पगार तिच्या कामाचा आहे.

सध्या मार्चपर्यंत टुर्नामेंट नको. रोज अर्धा तास पझल्स, रविवारी एक जुना गेम, पुरे. परीक्षा झाली की एप्रिल मेमध्ये दोन क्लासिकल टुर्नामेंट खेळू द्या, रॅपिड नको, आणि तिचे सगळे गेम एका वहीत तिच्या स्वतःच्या कॉमेंटसकट लिहून घ्या. जूनमध्ये ती वही घेऊन एखाद्या आयएम म्हणजे इंटरनॅशनल मास्टरला किंवा चांगल्या ट्रेनरला एक सेशनचे पैसे देऊन दाखवा, ज्याचा त्या अ‍ॅकॅडमीशी काही संबंध नाही अशाला. तो काय म्हणतो ते मला कळवा. आणि तोवर अ‍ॅकॅडमीवाल्यांनी कितीही फोन केले, सीट भरतायत म्हणाले, तरी अ‍ॅडव्हान्स भरू नका.