पीएच.डी.साठी शहरच हवे का?

प्रश्न : नगरनियोजनात पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर मी रत्नागिरीतील एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात नोकरी करते. ‘कोकण किनारपट्टीचा शाश्वत विकास’ या विषयावर पीएच.डी. करण्याचा विचार आहे. नोकरी सांभाळून ती करता येईल का, आणि आमच्या भागात मोठे शहरच नसताना अशा संशोधनाला कितपत महत्त्व मिळेल? – एक वाचक, गुहागर

उत्तर : मोठे शहर नसणे ही तुमच्या संशोधनातील उणीव नसून त्याचा मुख्य आधार ठरू शकतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये होणाऱ्या विकास योजनांमध्ये साधारणपणे पुढील वीस वर्षांत लोकसंख्या किती वाढेल याचा अंदाज बांधून रस्ते, पाणी, शाळा यांसाठी जागा राखल्या जातात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या मात्र २००१ मध्ये सुमारे १६.९७ लाख होती, ती २०११ मध्ये १६.१५ लाखांवर आली. सिंधुदुर्गातही घटच झाली. लोकसंख्या घटणाऱ्या प्रदेशाचे नियोजन कसे करावे, याचे उत्तर वाढत्या शहरांसाठी बेतलेल्या पद्धतीत सहजासहजी सापडत नाही.

त्यातही ही घट म्हणजे नेमके काय, हे तपासण्यासारखे आहे. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, त्या वेळी चाकरमानी मुंबईत होता. तो गणपतीला येतो तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, आणि मे महिन्यात मुलाबाळांसह येतो तेव्हा त्या तळ गाठतात. मग गावाची नळपाणी योजना फेब्रुवारीच्या लोकसंख्येवर आखायची की मे महिन्याच्या? जनगणनेचा हाच आकडा किनाऱ्यावरील बांधकामावरही परिणाम करतो. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक घनता असलेल्या ग्रामीण भागात, किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर, समुद्राच्या भरतीरेषेपासूनचे ना-विकास क्षेत्र (जिथे नव्या बांधकामाला सहसा मनाई असते) ५० मीटर, तर त्याहून विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात ते २०० मीटर आहे.

म्हणूनच तुमचे शीर्षक बदलावे, असे मी स्पष्टपणे सुचवेन. ‘शाश्वत विकास’ या शब्दांत भूमिका आहे, पण प्रश्न नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत पहिली हरकत त्यावरच येईल. त्याऐवजी किनाऱ्यावरची चार-पाच गावे घ्या आणि हंगामी लोकसंख्येनुसार पाणी, कचरा व घरबांधणी यांचे नियोजन कसे करता येईल, एवढाच प्रश्न धरा. ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंदवही (नमुना ८), पाणीपट्टीच्या नोंदी आणि वाडीवाडीतील बंद घरांची प्रत्यक्ष पाहणी ही तुमची साधने असतील. ही पाहणी मे महिन्यात व भाद्रपदात अशी दोनदा करावी लागेल, आणि ती तिथे राहणाऱ्या माणसाला जितकी साधेल तितकी बाहेरून आलेल्याला साधणार नाही.

नोकरीबाबत : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा; त्यापुढे पुनर्नोंदणीने मुदतवाढ मिळू शकते आणि महिलांना अधिक सवलत आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने ही पदवी घेता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी संस्थेत जावे लागेल, ही तयारी घरी व कार्यालयात आधीच करून ठेवावी. मुंबई आयआयटीचे नागरी विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र तुम्हांला अंतराने सोयीचे. शिवाय अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, दिल्लीची योजना व वास्तुकला संस्था आणि खरगपूर आयआयटी यांचाही विचार करावा. प्रत्येकीचे अर्धवेळ प्रवेशाचे नियम वेगळे असल्याने ते थेट संस्थेकडून पाहावेत. अनुदान आयोगाच्या वरील नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे प्रवेश परीक्षेच्या आधी दोन पानी टिपण पाठवून मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे विचारून घ्या.

राज्याच्या नगररचना विभागात जाण्याचा विचार असेल, तर तिथल्या नगररचनाकारांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते आणि तिला डॉक्टरेट लागत नाही. अध्यापन किंवा संशोधन करायचे असेल, तरच ही इतकी वर्षे द्यावीत.