एम१ कार्बाइन म्हणजे छोटी गॅरंडच का?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातली एम१ कार्बाइन (आखूड, हलकी रायफल) म्हणजे गॅरंड, अमेरिकी सैन्याची तेव्हाची मुख्य रायफलच, कापून छोटी केलेली का?

उत्तर: नाही हो, काडतूससुद्धा वेगळं. गॅरंड सव्वाचार किलोच्या पुढे, ड्रायव्हर, तोफेवरचे, रेडिओवाले ती कुठे वागवणार, आणि पिस्तुलाने लांबवर नेम लागायची बोंब, म्हणून अमेरिकेने १९४१ मध्ये हा मधला मार्ग काढला, वजन अडीच किलोच्या आसपास, मॅगझिन १५ गोळ्यांचं. बोल्ट, म्हणजे गोळीमागून नळी बंद करणारा भाग, फिरून लॉक होतो तेवढं गॅरंडसारखं, पण यातला गॅस पिस्टन (गोळी सुटताना निघणाऱ्या गॅसने ढकलला जाणारा दट्ट्या) जेमतेम ३-४ मिलिमीटर हलतो, स्लाइडला, म्हणजे बोल्ट मागे नेणाऱ्या सरकत्या भागाला, एक टोला देतो न् थांबतो, मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो! ६० लाखांवर बनल्या, त्यात टाइपरायटरवाली अंडरवुड आणि ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओलाही होती. पुढे कोरियन युद्धातल्या थंडीत मात्र सैनिकांच्या तक्रारी आल्या.