हॉटेलचे तीन लाख आणि पॉलिसीचे तीस

पुण्याच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वय 48, नवरा-बायकोचा मिळून हातात येणारा पगार महिना दीड लाख, घरकर्ज फिटलेलं, बचत खात्यात सहा लाख. आई-बाबांच्या लग्नाला यंदा 50 वर्षं होतायत. बाबा (76) उमेदीच्या काळात बंगळुरूला एचएमटीत होते. रविवारी फिरायला निघालं की दोघं रेसकोर्स रस्त्यावरच्या वेस्ट एंड हॉटेलच्या कुंपणाशी थांबायचे, बाग बघायचे आणि घरी यायचे. ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली आहे. लेकीला वाटतं, आता त्यांना कुंपणाच्या आत नेऊ.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: "दोन खोल्या, तीन रात्री, चौघांचं स्पा पॅकेज, जेवण, विमान धरून तीन लाख होतात. तीन दिवसांत एवढे पैसे उडवायला हात धजावत नाही, रात्रीची झोप गेली आहे. बाबांच्या एफडीचे बारा लाख मागच्या महिन्यात सुटले. बँकेतल्या साहेबांनी ते एका गॅरंटीड योजनेत लावून दिलेत. वर्षाला तीन लाख, चार वर्षं भरायचे, आणि पुढच्या वर्षीपासून उत्पन्न सुरू. तर हॉटेल आत्ता करावं, की ते उत्पन्न आल्यावर?" सोबत पॉलिसीच्या तीन पानांचे फोटो.

ताई, हॉटेलकडे येतो. आधी त्या तीन पानांबद्दल. पत्र मिळालं त्याच रात्री तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या, कारण इथे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतंच. सविस्तर आता सांगतो, म्हणजे ज्यांच्या घरात असं पाकीट नुकतंच येऊन पडलंय, त्यांनाही ते उघडून बघता येईल.

पहिल्या पानावर प्रीमियम भरण्याची मुदत लिहिली आहे: 10 वर्षं. चार नव्हे, दहा. विमा तुमच्या नावावर आहे, बाबांच्या नव्हे, कारण 76 व्या वर्षी त्यांना ही पॉलिसी मिळालीच नसती. म्हणजे पैसे बाबांचे, आयुष्य तुमचं आणि कमिशन बँकेचं. बँक इथे विमा कंपनीची एजंट आहे, हे 'साहेब' सांगायला विसरतात. दर वेळी विसरतात.

तिसऱ्या पानावर उत्पन्न कधी सुरू होतं ते आहे: बाराव्या वर्षाच्या अखेरीस. तिथून वर्षाला पाच लाख, बारा वर्षं. दहा वर्षांत भरायचे तीस लाख, मिळणार साठ लाख, म्हणून 'दामदुप्पट'. पण शेवटचा हप्ता 23 वर्षांनी येतो. कधी पैसे गेले आणि कधी आले याचा हिशेब धरला तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. सुटलेली एफडी सात टक्क्यांची होती, असं तुम्हीच लिहिलंय. पहिले पाच लाख येतील तेव्हा बाबा 88 वर्षांचे असतील आणि शेवटचे येतील तेव्हा 99. त्यांना दीर्घायुष्य लाभो, पण नातवाच्या पिढीसाठीची योजना पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या औषधपाण्याच्या पैशातून विकणं याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

आणि पाचवा हप्ता कुठून भरणार आहात? बारा लाख चार वर्षांत संपतात. उरलेले अठरा लाख तुमच्या पगारातून जाणार. हॉटेलच्या तीन लाखांनी तुमची झोप उडवली, ते एकदाच जायचे आहेत. हे तीन लाख दहा वेळा जायचे आहेत आणि त्यांच्याबद्दल पत्रात एका शब्दाचीही काळजी नाही. 'खर्च' म्हटलं की आपण रुपया-रुपया मोजतो आणि 'गुंतवणूक' म्हटलं की तिसऱ्या पानापर्यंतही वाचत नाही.

आता सुटकेचा मार्ग. पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून 30 दिवस 'फ्री-लूक'चे असतात. कुरिअर 3 तारखेला आलं आणि तुम्ही 22 तारखेला लिहिलंत, म्हणजे दहा-अकरा दिवस उरले होते. या काळात पॉलिसी परत करता येते. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी प्रीमियम परत मिळतो. तीन लाखांत ही कपात फार तर काही हजारांची.

अर्ज विमा कंपनीकडे द्यायचा, नुसतं साहेबांना सांगून भागणार नाही. ते म्हणतील, "मॅडम, सोमवारी बघू." मग म्हणतील, "हेड ऑफिसला पाठवलंय." तिसावा दिवस असाच उलटतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही. विमा कंपनीच्या शाखेत जा, अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या, तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या आणि तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. कारण एका ओळीत पुरे: अटी मान्य नाहीत. आणि बँकेत पुढच्या वर्षीच्या प्रीमियमसाठी खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली असेल, तर तीही रद्द करा.

तुम्ही कंसात एक वाक्य लिहिलंय: "कंपनीचा फोन येईल तेव्हा सगळ्याला हो म्हणा, असं साहेब म्हणाले, मी म्हटलं." तो फोन रेकॉर्ड होतो. मुदत टळून गेली असती, तर आधी कंपनीकडे तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, ही वाट होती (लोकपालाचं कार्यालय पुण्यातही आहे), पण तिथे तुमचं 'हो, दहा वर्षं भरायचे हे मला माहीत आहे' हेच वाजवून दाखवलं गेलं असतं. एक वर्ष भरून पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर नव्या नियमांनुसार काहीतरी हाती येतं, पूर्वी बहुधा काहीच येत नसे. पण 'काहीतरी' म्हणजे तीन लाख नव्हेत.

बाबांच्या पैशाचं काय? पहिला हप्ता जाऊन उरलेले नऊ लाख बचत खात्यात अडीच टक्क्यांवर 'पुढच्या हप्त्यांसाठी' पडून आहेत. ते पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, खातं बाबांच्या नावाने, आई जोडीला. सध्या दर 8.2 टक्के, व्याज दर तिमाहीला हातात. तीन लाख परत आले की तेही तिथेच. बारा लाखांवर वर्षाला सुमारे 98 हजार, तिमाहीला साडेचोवीस हजार. साहेबांनी 'पुढच्या वर्षीपासून' म्हटलेलं उत्पन्न हेच, आणि ते तीन महिन्यांत सुरू होतं.

आता हॉटेल. जा. त्यासाठी कुठल्याही उत्पन्नाची वाट बघू नका, बाबांच्या पैशाला हातही लावू नका. तुमच्या सहा लाखांतून करा.

फक्त बेत थोडा आवळा. खोलीचा दर तुम्हाला 28 हजार सांगितलाय, पण साडेसात हजारांवरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 33 हजार. दोन खोल्या तीन रात्री: दोन लाख. दोन रात्री: एक लाख 32 हजार. आई मालिश करून घेणार नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. मग चौघांचं स्पा पॅकेज कशाला? बाबांना वाटलं तर तिथे गेल्यावर एकट्याचं सांगता येतं. बाग वीस एकरांची आहे आणि तिचं वेगळं बिल येत नाही. एक जेवण आत, बाकी बाहेर, तुमच्या आई-बाबांच्या जुन्या ठिकाणी, ती अजून असतील तर. जेवण चाळीस, प्रवास चाळीस, असे सगळे मिळून दोन लाख दहा-बारा हजार. खात्यात पावणेचार लाखांच्या वर उरतात. तुमचा घरखर्च साठ हजार आहे, म्हणजे सहा महिन्यांची सोय शाबूत.

तारखेला अडून बसू नका. कामानिमित्त येणाऱ्यांवर चालणाऱ्या शहरी हॉटेलांचे दर शनिवार-रविवारी बहुधा उतरतात. लग्नाचा वाढदिवस मंगळवारी असेल तर आधीचा शनिवार चालेल, पन्नास वर्षांत तीन दिवस इकडे-तिकडे. रेस्टॉरंटच्या बिलात सेवा शुल्क आपोआप लावलं असेल तर काढायला सांगा, ते ऐच्छिक असतं.

खोली तळमजल्यावरची, बागेकडे दार असलेली मागा. आणि रद्द करता येणारा दर घ्या, रात्रीला दोन हजार जास्त गेले तरी. तुम्ही सांगितलंय की आईंचे गुडघे पावसाळ्यात कधी साथ देतात, कधी नाही.