आग्नेय आशियात हिंदू-बौद्ध संस्कृती तलवारीच्या जोरावर पोहोचली का?

बहुतांशी नाही. राजेंद्र चोळाने १०२५ च्या सुमारास श्रीविजयवर (सुमात्रातलं सागरी राज्य) स्वारी केली हे खरं, पण तोवर तिथे संस्कृत आणि बौद्ध धर्म रुजून शतकं लोटली होती. व्यापारी मोसमी वाऱ्यावर जायचे, वारा उलटेपर्यंत तिथेच मुक्काम. त्याच वाटेने ब्राह्मण आणि भिक्खूही गेले.

बोर्निओतल्या कुताईचे दगडी यूप (यज्ञस्तंभ) बघा, साधारण इ.स. ४०० चे. लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव वळणाची, भाषा संस्कृत, मजकूर मूलवर्मन राजाने ब्राह्मणांना दिलेल्या दानांचा. खरी गंमत वंशावळीत आहे: आजोबा कुंडुंग (हे नाव संस्कृत वाटतच नाही), मुलगा अश्ववर्मन, नातू मूलवर्मन. घराणं बहुधा तिथलंच, नावं तेवढी बदलली! कंबोडियातलं अंगकोर वाट मंदिर तर त्यानंतर सातशे वर्षांनी, तेही ख्मेर म्हणजे तिथल्याच राजाने बांधलेलं.