अ‍ॅक्स किक (पाय वर नेऊन टाच कुऱ्हाडीसारखी खाली मारायची लाथ) मारताना पाय डोक्याच्या वर जातो, पण खाली येताना जोर लागत नाही आणि तोलही जातो. काय करावं? (कोल्हापूर)

भावा, पाय डोक्यावर जातोय म्हणजे निम्मं काम झालंय. जोर लागत नाही, कारण बरेच जण पाय वर नेतात आणि नुसता सोडून देतात. तो खाली ओढायचा असतो. पाय सगळ्यात वर असतानाच कंबर पुढं ढकल, म्हणजे अंगाचं वजन टाचेमागं येतं, आणि नितंबाच्या व मांडीमागच्या स्नायूंनी टाच खेच. गुडघा किंचित सैल ठेव. ताठ पाय पॅडवर आदळला की झटका थेट सांध्यात जातो.

तोल जातो तो मागं झुकल्यामुळं. टेकलेल्या पायाचा गुडघा थोडा वाकव, छाती वर ठेव आणि हात खाली सोडू नकोस.

सरळ वर नेलेला पाय समोरच्याला लगेच कळतो. म्हणून बाहेरून आत किंवा आतून बाहेर कमानीत ने. तायक्वांदोत या किकला नेर्यो छागी म्हणतात. १९९६ ची के-वन ग्रांप्री ही किकबॉक्सिंगची स्पर्धा जिंकणारा स्विस कराटेपटू अँडी हूग याच किकसाठी ओळखला जायचा. त्याचे जुने व्हिडिओ बघ, कंबरेकडं लक्ष दे.

आणि रंकाळ्यावर पहाटेच्या गारठ्यात पोचल्या पोचल्या पाय फाकवत बसू नकोस. आधी हलकं पळ, मग पाय पुढं-मागं झुलव. मित्राला पाठीवर बसवून ताणायचा प्रकार तर बंदच कर. जोडीदारावर पूर्ण जोरात मारू नकोस, गळ्याजवळचं हाड सहज मोडतं. त्याला पॅड छातीसमोर आडवा, अंगापासून लांब धरायला लाव.